साप आला तर फुटायचं, पाऊस आला तर नाही: लाल डोळ्यांच्या झाडबेडकाच्या अंड्यांचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. पनामातलं जंगल, पावसाळा, एक तळं, तळ्यावर वाकलेल्या फांदीचं एक पान आणि त्या पानाला चिकटलेला अंड्यांचा पुंजका. साधारण चाळीसेक अंडी, पारदर्शक जेलीत गुंडाळलेली, आतली भ्रूणं पाच दिवसांची. कुणी हात लावला नाही तर ही अंडी सहाव्या-सातव्या दिवशी फुटणार आणि पिल्लं खालच्या पाण्यात पडणार, असं सगळं ठरलेलं. पण पाचव्या रात्री एक बारीक अंगाचा साप फांदीवरून सरपटत येतो, पुंजक्यात तोंड खुपसतो आणि जेलीसकट अंडी ओढून गिळायला लागतो. दोन-चार चावे होतात न होतात तोच बाजूचं एक अंडं फुटतं, मग आणखी एक, मग चार-पाच एकदम, साप खातोय आणि त्याच्या जबड्याच्या आजूबाजूने पिल्लं वळवळत बाहेर पडून पाण्यात पडतायत. शेवटी सापाच्या वाट्याला थोडी येतात, बाकीची निसटलेली असतात.

याचे व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितले असतील, खाली सगळे 'अंड्यातच हुशार' वगैरे लिहितात आणि पुढे जातात. मला मात्र विचाराल तर पळून जाण्यापेक्षा अवघड काम ही अंडी बाकीच्या सगळ्या वेळी करत असतात, ते म्हणजे न फुटणं. कारण ते पान रोज हलतं. वारा येतो, पाऊस कोसळतो, माकड फांदीवरून उडी मारतं, शेजारच्या पानावर दुसरा बेडूक धपकन बसतो. दर वेळी घाबरून फुटायचं म्हटलं तर चौथ्या दिवसाच्या पहिल्याच सरीला अख्खा पुंजका पाण्यात गेला असता. तसं होत नाही. मग अंड्यात बसलेल्या, धड तोंडही तयार न झालेल्या जिवाला साप कोणता आणि पाऊस कोणता हे कळतं कसं, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळवायला लोकांनी वर्षानुवर्षं घालवलीयत.

आधी बेडकाबद्दल

शास्त्रीय नाव अगॅलिक्निस कॅलिड्रायस, अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी १८६२ मध्ये शास्त्रीय वर्णन केलेला. दक्षिण मेक्सिकोपासून खाली पनामापर्यंत आणि थोडा कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यात सापडतो. नर ५ सेंटीमीटरच्या आसपास, मादी ७ पर्यंत. दिवसा पाय पोटाशी घेऊन पानाला चिकटून झोपलेला असतो, डोळे मिटलेले, तेव्हा नुसता हिरवा ठिपका दिसतो. उठला की लालभडक डोळे, कुशीला निळे-पिवळे पट्टे, नारिंगी पंजे. पोस्टरवर आणि कॅलेंडरवर जो बेडूक असतो तो बहुतेक वेळा हाच. (ते लाल डोळे एकदम उघडून शत्रूला दचकवतो हे सगळीकडे ठाम सत्य म्हणून छापलेलं असतं, तो अजून एक अंदाज आहे, एवढंच लक्षात ठेवा.)

आपल्या प्रकरणासाठी महत्त्वाचं आहे ते अंडी घालणं. पावसाळ्यात रात्री नर तळ्याभोवती हाका मारतात. मादी नराला पाठीवर घेऊन आधी खाली पाण्यात उतरते आणि मूत्राशयात पाणी भरून घेते, मग वर चढून पाण्यावर लटकणाऱ्या पानावर अंडी घालते. ते पाणी जेलीला लागतं, जेली ते शोषून फुगते, त्याशिवाय अंडी सुकून जातील. त्याच रात्री दुसरा पुंजका घालायचा असेल तर परत खाली जाऊन पाणी भरायचं, परत वर, आणि हे सगळं नराला पाठुंगळी घेऊन. नंतर दोघंही निघून जातात, राखण करायला कुणी थांबत नाही.

पानावर अंडी घालण्याचा फायदा उघड आहे, तळ्यातले मासे आणि बाकीचे अंडीखाऊ खालीच राहतात. पण वर वेगळे गिऱ्हाईक आहेत. साप (मुख्यतः लेप्टोडायरा गणाचे, मांजरासारख्या उभ्या बाहुलीचे डोळे असलेले, रात्री फिरणारे आणि बेडकांची अंडी आवडीने खाणारे), दिवसा गांधीलमाश्या, शिवाय बुरशी, शिवाय पान फार खाली असेल आणि तळं भरलं तर बुडण्याची भीती, पाऊस नाही आला तर सुकण्याची. एवढे सगळे धोके, आणि अंड्याकडे उपाय एकच, बाहेर पडणं.

लवकर फुटण्यात तोटा काय?

कॅरेन वॉर्केंटिन या संशोधक टेक्सास विद्यापीठात पीएचडी करत असताना कोस्टा रिकातल्या कोर्कोवाडो नॅशनल पार्कात या अंड्यांवर काम करत होत्या, आणि १९९५ मध्ये त्यांचा जो पेपर आला त्याने हे प्रकरण खऱ्या अर्थाने उघडलं. सापाच्या हल्ल्यात अंडी लवकर फुटतात एवढंच दाखवून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला की लवकर फुटून जगणं जर एवढं सोपं असेल तर सगळीच अंडी कायम लवकर का फुटत नाहीत, सापाची वाट कशाला बघायची.

उत्तर खाली पाण्यात होतं. लवकर बाहेर आलेली आणि वेळेवर बाहेर आलेली अशी दोन्ही प्रकारची टॅडपोल तळ्यात सापडणाऱ्या शिकाऱ्यांसमोर, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी आणि छोटे मासे यांच्यासमोर ठेवली, तर लवकर आलेली जास्त खाल्ली गेली. आणि ते बघायला गेलं तर साहजिक आहे, चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेर पडलेलं पिल्लू लहान असतं, पोटात अजून बलकाचा गोळा घेऊन फिरत असतं, शेपटीत जोर कमी, बाहेरचे कल्ले अजून लोंबतायत. एक-दोन दिवस जास्त आत राहिलेलं पिल्लू मोठं होऊन, पोहायला तयार होऊन येतं.

म्हणजे दोन्हीकडे मरण आहे, फक्त वेगवेगळ्या दराने. वर साप आहे तर खाली जा, खाली कोळंबी आहे पण साप तर नक्कीच खाणार. वर काहीच नाही तर बसून राहा, कारण बसलेला प्रत्येक तास खाली गेल्यावर कामाला येणार आहे. अंडं फुटायची वेळ म्हणजे शरीरात लावलेला गजर आहे असं आपण धरून चालतो, इथे ती वेळ चालू परिस्थिती बघून ठरते, आणि ठरवणारा तो अंड्यातला जीव स्वतः आहे. आईचा यात काही हात नाही, ती केव्हाच गेली.

यानंतर वॉर्केंटिन यांचं काम मुख्यतः पनामातल्या गांबोआला झालं. हे गाव पनामा कालव्याच्या काठी, चाग्रेस नदी कालव्याला मिळते तिथे आहे, आणि तिथे स्मिथसोनियनच्या उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तळी जवळ, जंगल जवळ, पानासकट अंडी कापून आणायची, कार्डावर टेकवून पाण्याच्या कपावर ठेवायची, खाली पिल्लं पडली की मोजायची. सोपं वाटतं, पण पाच दिवसांचा पुंजका हातात घेऊन चालणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत असेल, जरा जोरात धक्का लागला की तुमचा अख्खा प्रयोग रस्त्यातच फुटून मोकळा.

गांधीलमाशीने दाखवलेला फरक

सापाइतकीच गांधीलमाशी या प्रकरणात कामाची साक्षीदार आहे, आणि लोक तिला विसरतात. पॉलिबिया रिजेक्टा नावाची एक गांधीलमाशी दिवसा या अंड्यांवर येते. तिचं काम सापासारखं नाही, ती एका वेळी एकच अंडं धरते, जबड्याने जेली आणि आवरण फाडते, आतलं पिल्लू ओढून काढते, उडून जाते, थोड्या वेळाने परत येते.

आता भ्रूण जर नुसतं 'काहीतरी गडबड आहे, पळा' एवढंच जाणत असतं तर गांधीलमाशी आल्यावरही अख्खा पुंजका रिकामा व्हायला हवा होता. तसं झालं नाही. गांधीलमाशीच्या हल्ल्यात ज्याच्यावर हल्ला झाला ते अंडं आणि त्याच्या लगतची काही अंडी फुटतात, लांबची शांत बसून राहतात. सापाच्या हल्ल्यात मात्र धोका सगळ्यांनाच आहे, कारण साप अख्खा पुंजका संपवूनच जाणार, आणि तिथे बहुतेक सगळी फुटतात. हल्ल्याच्या आकाराप्रमाणे पळण्याचा आकार. २००० साली हे निष्कर्ष आले तेव्हा एवढं स्पष्ट झालं की अंड्याला धोक्याची बातमी मिळते ती बरीच बारकाईने मिळते, नुसता घाबरगुंडीचा प्रकार नाही हा.

आणि एक तिसरा प्रकार, बुडणं. पुंजका पाण्याखाली गेला तर आतल्या ऑक्सिजनची बोंब होते आणि तेव्हाही भ्रूण फुटून बाहेर येतं. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. या अंड्याच्या आत ऑक्सिजन सगळीकडे सारखा नसतो, जी बाजू हवेला उघडी आहे तिथे भरपूर आणि आत खोलवर जवळजवळ शून्य. भ्रूण आपले लालसर, फांद्या फुटल्यासारखे दिसणारे कल्ले नेमके त्या उघड्या बाजूला लावून बसलेलं असतं, आणि त्याला तिथून सरकवलं की ते फिरून परत तिथेच येतं. अंड्यात नुसतं पडून वाट बघणं वगैरे काही नाही, आत सतत काहीतरी चालू असतं.

साप की सर?

आता मुख्य मुद्दा. वास नाही, नजर नाही. साप नुसता जवळ आला, पुंजक्याशेजारून गेला, तर अंडी ढिम्म. चावायला सुरुवात झाली की फुटायला सुरुवात. म्हणजे संशय गेला कंपनांवर.

हे सिद्ध करायची पद्धत मला फार आवडते, कारण ती सरळ आहे. आधी पुंजक्यात एक छोटासा एक्सेलरोमीटर (हलणं मोजणारं उपकरण) बसवून साप खात असतानाची कंपनं रेकॉर्ड केली, मग पावसात तीच गोष्ट. त्यानंतर एका यंत्राला बारीक काड्या लावून त्या अंड्यांच्या मधे घातल्या आणि रेकॉर्ड केलेली कंपनं परत 'वाजवली'. साप नाही, पाऊस नाही, फक्त तेवढं हलणं. सापाच्या रेकॉर्डिंगला बरीच अंडी फुटली, पावसाच्या रेकॉर्डिंगला फार कमी. २००५ मध्ये हे छापून आलं.

पण मग सापाच्या हलवण्यात असं काय आहे जे पावसात नाही? जोर म्हणाल तर मुसळधार पाऊस सापाइतकंच हलवतो. कमी फ्रिक्वेन्सीची कंपनं दोघांतही असतात. एकच एक खूण पकडून 'हा साप' म्हणता येईल असं काही हाती लागेना. फरक निघाला तो मुख्यतः तालात. साप चावतो, ओढतो, थांबतो, गिळतो, परत चावतो, त्यामुळे कंपनं लांब आणि मधले गॅपही लांब. पावसाचे थेंब म्हणजे छोटे छोटे धक्के, एकाला लागून एक. मग त्यांनी रेकॉर्डिंगमध्येच कापाकापी केली, पावसाच्या मधे शांततेचे तुकडे घालून त्याचा ताल सापासारखा केला तर फुटणं वाढलं, सापाचा ताल पावसाच्या बाजूला ओढला तर फुटणं कमी झालं. बाकी काही बदललेलं नाही, फक्त ताल.

पुढच्या वर्षी म्हणजे २००६ मध्ये वॉर्केंटिन, मायकेल कॉल्डवेल आणि ग्रेगरी मॅकडॅनियल यांनी खरी रेकॉर्डिंगं बाजूला ठेवून कृत्रिम कंपनं वापरली. धक्का किती लांब आणि मधली शांतता किती लांब, एवढ्या दोनच गोष्टी बदलत गेले. सगळ्यात जास्त अंडी फुटली ती अर्ध्या सेकंदाचा धक्का आणि मधे दीड ते अडीच सेकंदांची शांतता अशा तालाला. धक्का फार छोटा केला, किंवा गॅप फार छोटा केला, की प्रतिसाद पडला. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत, एक पाळून चालत नाही.

शिवाय पाऊस ओळखायला अंड्यांकडे आणखीही दोन खुणा आहेत हे २०१० मध्ये याच मंडळींनी दाखवलं. एक, पावसाच्या थेंबाच्या कंपनात उंच फ्रिक्वेन्सीचा भाग असतो जो सापात नसतो, तो असला की अंडी शांत राहतात. दुसरी तर मला त्याहून भारी वाटते, पाऊस सहसा एकदम कोसळत नाही, आधी थोडे थेंब, मग वाढत जातो. सुरुवातीला असं हळूहळू वाढत जाणारं हलणं मिळालं की नंतरच्या हलण्याला अंडी कमी दाद देतात. म्हणजे आधी काय झालं होतं ते धरून आत्ताच्या धक्क्याचा अर्थ लावला जातोय, तोही मेंदू नुकता कुठे बनत असलेल्या जिवाकडून.

आता यात एक पेच आहे आणि मला वाटतं पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करण्यासारखा तोच आहे. ताल ओळखायचा तर एक धक्का पुरत नाही. दोन धक्क्यांमधली शांतता किती लांब आहे हे कळायला ती शांतता संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि खात्री हवी तर असे बरेच धक्के मोजावे लागतात. आणि थांबलेल्या प्रत्येक सेकंदाला साप खातोय. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण ऐकतो ती ओरडणाऱ्या पोराच्या बाजूने, इथे ती ऐकणाऱ्या गावाच्या बाजूने आहे, दर वेळी धावत सुटलात तरी नुकसान आणि एकदा बसून राहिलात तरी नुकसान.

मग किती धक्के ऐकून निर्णय घ्यायचा? ते वयावर ठरतं, २०१९ च्या कामात हे आलंय. चार दिवसांची भ्रूणं जास्त वेळ थांबतात, जास्त धक्के घेतात, तालाबाबत जास्त चोखंदळ असतात. जसं वय वाढतं तशी ती कमी धक्क्यांवर निघतात आणि थोडासा चुकलेला तालही चालवून घेतात. हिशोब बसतो बघा, चौथ्या दिवशी उगाच फुटलं तर नुकसान मोठं, कारण खाली कोळंबीपुढे जवळजवळ असहाय्य. साडेपाचव्या दिवशी उगाच फुटलं तर तसंही उद्या-परवा निघायचंच होतं, फार काही बिघडलं नाही, मग कशाला जास्त वेळ खात्री करत बसायचं. खोट्या इशाऱ्याची किंमत जशी उतरत जाते तसा अंड्याचा चोखंदळपणा कमी होत जातो. कुणी शिकवलेलं नाही, अनुभव म्हणून काही नाही, चुकलं तर दुसरी संधी नाही, आणि तरी हे असं.

चौथ्या दिवसाआधी काय?

चौथ्या दिवसाआधी साप आला तर संपलं. पुंजका जातो. बऱ्याच वर्षांचा समज असा की तेव्हा पिल्लाला बाहेर पडताच येत नसणार, अंग तयार नाही. पण बुडवून बघितलं तर त्याच वयाची काही भ्रूणं ऑक्सिजन कमी पडल्यावर फुटून बाहेर येतात, जी सापाच्या कंपनांना अजिबात दाद देत नाहीत. म्हणजे दार उघडायची ताकद आहे, बेल ऐकू येत नाहीये.

जूली जंग आणि सहकाऱ्यांनी हे आतल्या कानापर्यंत नेलं. आपण मान तिरकी केली तरी डोळे उलट फिरून नजर सरळ ठेवतात, ही कामगिरी आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची. टॅडपोललाही तसंच असतं, त्याला आडवं धरून हळूहळू फिरवलं तर डोळे उलट्या दिशेने वळतात, आणि किती वळतात ते फोटो काढून मोजता येतं. हे मोजमाप रोज, थोड्या थोड्या तासांनी घेतलं तर दिसलं की ही डोळ्यांची हालचाल चौथ्या दिवसाच्या आसपास सुरू होते, आणि हलवल्यावर फुटण्याची सुरुवातही तिथेच आसपास होते. कान चालू झाला की धोका कळायला लागला. खऱ्या सापाच्या हल्ल्यात मात्र अंडी दाबली जातात, पिळली जातात, तो स्पर्शही कामाला येतो, म्हणूनच नुसती कंपनं वाजवल्यावर जेवढी फुटतात त्यापेक्षा खरा साप आल्यावर जास्त फुटतात. हा फरक सांगायलाच हवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की सगळा मामला त्या तालाचाच आहे.

बाहेर पडणं प्रत्यक्षात कसं होतं

माझा आधी समज असा असायचा की पिल्लू शेपटी आपटून आपटून आवरण फोडत असणार, बहुतेकांचा तोच असतो. क्रिस्टिना कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे पकडलं आणि क्रम वेगळाच निघाला. आधी पिल्लू थरथरतं आणि तोंड उघडझाप करतं. मग नाकाडासमोरच्या आवरणाला एक छोटंसं भोक पडतं, तेही शेपटी लागायच्या आधी. आणि मग ते अंग जोरजोरात पिळत त्या भोकातून स्वतःला बाहेर ढकलतं, भोक अंगापेक्षा लहान असतं म्हणून चेपून चेपून निघतं.

ते भोक पडतं एन्झाइमने. बऱ्याच बेडकांमध्ये आवरण विरघळवणारं एन्झाइम हळूहळू, तासनतास झिरपत राहतं आणि आवरण आपसूक पातळ होतं. इथे त्या ग्रंथी नाकाडावर एका जागी दाटीने गोळा झालेल्या असतात, भरलेल्या, आणि वेळ आली की एकदम सुटतात. म्हणून तर आवरण शेवटपर्यंत मजबूत राहतं आणि तरीही अख्खं प्रकरण सरासरी वीसेक सेकंदांत आटपतं, सगळ्यात चपळ पिल्लं तर सात सेकंदांच्या आत बाहेर. आयुष्यात एकदाच वापरायची वस्तू, पण चौथ्या दिवसापासून सातव्यापर्यंत कधीही लागेल म्हणून भरून ठेवलेली. पाण्यात पडल्यावर ते बाहेरचे मोठे कल्लेही लगेच आखडायला लागतात, अंड्यात असतं तर तेच कल्ले अजून दिवस-दोन दिवस तसेच राहिले असते.

प्रौढ बेडूकही कंपनांवरच बोलतात, हे इथे जाता जाता सांगायला हरकत नाही. दोन नर एकाच झुडपावर आले की मागचे पाय झटकून फांदी थरथरवतात, समोरच्याने फांदीतून ती धमकी ओळखायची. कॉल्डवेल यांनी २०१० मध्ये एक नकली यांत्रिक बेडूक आणि फांदी हलवणारं यंत्र वापरून हे तपासलं होतं. पण अंड्यातलं ऐकणं आणि मोठेपणीचं ऐकणं यांचा थेट धागा जोडायचा मोह मी टाळतो, दोन्हीकडे कंपनं आहेत एवढ्यावर तसं म्हणता येत नाही.

हा एकच बेडूक असा आहे का? नाही. वेळेआधी किंवा उशिरा फुटण्याची लवचिकता मासे, कोळी, इतर बेडूक अशा कितीतरी प्राण्यांत सापडलीय. पण याच बेडकाच्या जवळच्या नात्यातला अगॅलिक्निस स्पुरेली घ्या, तो पानावर चादर पसरल्यासारखी अंडी घालतो, आणि सापाच्या हल्ल्यात त्याची भ्रूणं कमी प्रमाणात निसटतात. गण तोच, पान तेच, साप तेच, तरी यश वेगळं. म्हणून एका जातीवरून सगळ्या झाडबेडकांबद्दल बोलायला जाऊ नये.

संवर्धनाच्या यादीत हा बेडूक सध्या 'कमी चिंतेचा' म्हणून आहे. पाळण्यासाठी त्याची मोठी मागणी असते आणि २०१० पासून अगॅलिक्निस गणाचे बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. जे लोक घरी काचेच्या टाकीत याची पैदास करतात त्यांच्यासाठी या प्रकरणातला व्यवहारी भाग एवढाच की चार दिवस उलटून गेल्यावर पुंजका हलवू नका, हलवायचाच असेल तर त्याच्याखाली आधी पाणी ठेवा.

आणि एक बाजू जी पुढे जास्त महत्त्वाची ठरेल असं मला वाटतं ती सुकण्याची. पाऊस लांबला की जेली आटते, पुंजका चपटा होतो. २०१७ मध्ये गांबोआच्याच अंड्यांवर झालेल्या कामात दिसलं की सुकायला लागलेल्या पुंजक्यातली भ्रूणंही वेळेआधी फुटतात, तीच सोय, कारण वेगळं. फक्त इथे साप आणि पाऊस ओळखायची सगळी करामत फार कामाची नाही, कारण साप एका रात्रीत येऊन जातो आणि सुकणं पहिल्या दिवसापासून चालू असतं. चौथा दिवस उजाडायच्या बराच आधी जेली आटली तर ना कान तयार असतो ना नाकाडावरच्या ग्रंथी, आणि तो पुंजका पानावरच मरतो.